उकडतंय म्हणजे भूकंप होणार का?

मे महिन्यात पुण्यात एक आठवडा असा येतो, की संध्याकाळी साडेसातलाही झाडाचं पान हलत नाही. ढग जमतात आणि पाऊस मात्र हुलकावणी देतो. अशाच एका संध्याकाळी जिन्यात भेटलेल्या शेजारच्या काकू पदरानं वारा घेत म्हणाल्या, "ही हवा बरी नाही हो. भूकंपाची हवा आहे ही. किल्लारीच्या वेळी अशीच कोंडली होती."

"काकू, किल्लारीचा भूकंप सप्टेंबरात झाला."

"मग? सप्टेंबरात उकडत नाही?"

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. पुणेकराला जिन्यात निरुत्तर करायचं म्हणजे तयारी लागते. ती तयारी म्हणजे हा लेख.

काकूंची समजूत आजकालची नाही. पृथ्वीच्या पोटात वारा कोंडतो आणि तो बाहेर पडायला धडपडला की जमीन हादरते, असं अ‍ॅरिस्टॉटल सांगत होता. आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिरानं भूकंपाच्या लक्षणांवर एक अख्खा अध्याय लिहिला. त्यात त्यानं जुन्या ऋषींची मतं नोंदवली आहेत आणि एकमेकांवर आदळणारे वारे हे त्यातलं एक आहे. भूकंपाआधी दिसणाऱ्या ढगांचीही वर्णनं आहेत. शेषनागानं फणा बदलल्याची गोष्ट तर आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. माणसाला जमिनीखालचं दिसत नाही, आकाश दिसतं. त्यामुळे खालच्या गोष्टीचं कारण वर शोधणं स्वाभाविकच होतं.

पुणेकरांच्या डोक्यात हा गोंधळ पक्का व्हायला आणखी एक कारण असावं, ते म्हणजे सिमला ऑफिस. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं आणि शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला तेच नाव चिकटलं. पाऊस किती पडला हे हेच खातं सांगणार आणि भूकंपाच्या नोंदीही हेच खातं ठेवणार, अशी व्यवस्था अनेक दशकं होती. 'वेधशाळेनं सांगितलं' म्हटलं की दोन्ही आलं. भूकंपाचं काम वेगळं काढून राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र स्थापन झालं ते २०१४ मध्ये. म्हणजे परवापर्यंत ऊन, पाऊस आणि भूकंप एकाच छपराखाली नांदत होते. माणसं ते एकाच माळेचे मणी समजली तर दोष कुणाला द्यायचा?

आता मूळ मुद्दा. भूकंप होतो कशानं?

मी लहानपणी ज्या वाड्यात राहायचो, तिथलं परसाकडचं सागवानी दार पावसाळ्यात फुगायचं आणि चौकटीत आवळून बसायचं. हातानं ढकललं तर ढिम्म. खांदा लावून रेटलं तरी ढिम्म, फक्त फळ्या जराशा वाकल्यासारख्या वाटायच्या. तसंच रेटत राहिलं की मग कधीतरी दार एकदम धाडकन उघडायचं. रेटणारा परसात तोंडघशी पडायचा आणि आत भिंतीवरच्या तसबिरी, फळीवरचे डबे, देवळीतली तेलाची बुधली, सगळं खणखणायचं.

या दारात सगळा भूकंप आहे. पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही. ते मोठमोठ्या तुकड्यांचं बनलेलं आहे आणि त्यांना भूपट्ट म्हणतात. आपला भारतीय भूपट्ट वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर, म्हणजे जवळपास नखं वाढतात त्या गतीनं, उत्तरेकडे सरकतो आहे आणि आशियाला रेटतो आहे. हिमालय हे त्याच रेट्याचं फळ. हा रेटा हिमालयाच्या पायथ्याशीच थांबत नाही. पाटाच्या एका टोकाला जोर लावला तर ताण सगळ्या पाटाला बसतो, तसा तो थेट आपल्या पायाखालच्या खडकापर्यंत पोचतो. खडकात जुन्या भेगा असतात, ज्यांच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून सरकू शकतात. त्यांना भ्रंश किंवा फॉल्ट म्हणतात. सरकू शकतात म्हणजे सहज सरकतात असं नाही. घर्षणानं त्या आवळून बसलेल्या असतात, दार चौकटीत बसावं तशा. वर्षानुवर्षं, कधी शतकानुशतकं, ताण साठत जातो आणि खडक अगदी किंचित वाकत राहतो. एक दिवस घर्षण हरतं. भेगेच्या दोन बाजू काही सेकंदांत सरकतात आणि वाकलेला खडक झटक्यानं सरळ होतो. त्यातून निघालेल्या लाटा आपल्या तसबिरी हलवतात. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर अमेरिकी भूशास्त्रज्ञ हॅरी रीड यांनी हे गणित मांडलं आणि त्याचा गाभा आजही तोच आहे.

आता यात हवा कुठे बसते ते पाहू. आपल्याकडचे बहुतेक भूकंप साधारण पाच ते पंधरा किलोमीटर खोलीवर सुरू होतात. माणसानं आजवर खणलेलं सगळ्यात खोल भोक रशियातल्या कोला इथलं आहे आणि तेही सव्वाबारा किलोमीटरच्या आसपास जाऊन थांबलं. इतक्या खाली मे महिना पोचतो का? खेड्यातल्या विहिरीत उतरलेल्या माणसाला विचारा. उन्हाळ्यात ते पाणी गार लागतं आणि थंडीत कोमट. पाणी तेच असतं, बदललेले असतो आपण. दिवसाची उष्णता जमिनीत जेमतेम हात-दीड हात जाते. सबंध वर्षाचा उन्हाळा-हिवाळा दहा-पंधरा मीटरवर विरून जातो. त्याखाली ऋतू नाहीत. तिथे दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंशांनी तापमान वाढत जातं, पण ती उष्णता पृथ्वीच्या पोटातली आहे. आपल्या उन्हाळ्याशी तिचं काही देणंघेणं नाही.

बरं, उष्णता नाही तर हवेचा दाब? 'हवा कोंडलीय' म्हणताना काकूंच्या मनात तेच असावं. हिशेब करू. नखाएवढ्या, म्हणजे एक चौरस सेंटिमीटर जागेवर हवेचा भार साधारण एक किलो असतो. मोठं चक्रीवादळ आलं की तो पन्नासेक ग्रॅमनं कमी होतो. नुसत्या कोंदट संध्याकाळी तेवढाही फरक पडत नाही. दहा किलोमीटर खाली तेवढ्याच जागेवर वरच्या खडकाचा भार असतो सुमारे २,७०० किलो. मार्केट यार्डात सत्तावीस क्विंटल मालाची थप्पी लावली आहे आणि कुणी तिच्यावरून पन्नास ग्रॅम जिऱ्याची पुडी उचलली, तर तळाच्या पोत्याला ते कळेल का? तैवानमध्ये टायफूनच्या वेळी दाब उतरला की तिथले भ्रंश अतिशय सावकाश, कुणाला जाणवणारही नाही असे सरकतात, असं संशोधकांनी २००९ मध्ये मांडलं होतं खरं. पुढे त्यावर वाद झाला. आणि ते खरं धरलं तरी ते सरकणं इतकं संथ, की दारावरची कडीही हलणार नाही.

हे सगळं गणित नको असेल तर नुसतं कॅलेंडर काढा. बिहार-नेपाळचा भूकंप १५ जानेवारी १९३४ चा. भूजचा २६ जानेवारी २००१ चा, सकाळी पावणेनऊच्या सुमाराचा, ऐन थंडीतला. चमोलीचा १९९९ च्या मार्चमधला. कांगड्याचा ४ एप्रिल १९०५ चा आणि नेपाळचा २५ एप्रिल २०१५ चा. जबलपूरचा २२ मे १९९७ चा, हा काकूंच्या बाजूनं मोजायला हरकत नाही. आसामचा एक १२ जून १८९७ चा, तर दुसरा, ८.६ तीव्रतेचा, १५ ऑगस्ट १९५० चा, म्हणजे भर पावसातला. किल्लारीचा ३० सप्टेंबरचा. काश्मीर ऑक्टोबरातलं, उत्तरकाशीही ऑक्टोबरातलं, कोयना डिसेंबरातलं. ऊन, पाऊस, थंडी, कुणालाच सूट नाही. आपल्याला मात्र धक्का बसला की त्या दिवशीची हवा आठवते. आणि जे शेकडो कोंदट दिवस काहीही न होता निघून गेले, ते आठवायला कुणाला वेळ आहे?

किल्लारीबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण तिथे हवामानाचा संबंध होता. फक्त काकू समजतात तिथे नाही.

१९९३ ची अनंत चतुर्दशी. पुण्यात विसर्जन मिरवणूक अजून संपायची होती आणि लातूर-उस्मानाबादकडे गणपती बुडवून माणसं नुकती घरात झोपली होती. पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी असताना जमीन हलली. तीव्रता ६.२. जगाच्या हिशेबानं हा काही महाकाय भूकंप नव्हे, पण दहा हजारांच्या घरात माणसं गेली. का गेली? त्या भागातली घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर माळवद, म्हणजे लाकडी सरे टाकून त्यावर मातीचा जाड थर. मराठवाड्याच्या उन्हात माळवदाचं घर थंड राहतं. पावसाआधी गळू नये म्हणून त्यावर पुन्हा माती चढवायची. असं वर्षानुवर्षं चालतं आणि छताचं वजन वाढत जातं. दगडांमधला जोड नुसत्या मातीचा. भिंत हलली की तिच्याबरोबर हे सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर. आणि सप्टेंबर पावसाचा महिना, म्हणून माणसं आत झोपलेली. उन्हाळा असता तर बरीच मंडळी अंगणात नाहीतर माळवदावर असती. हवामानानं भूकंप घडवला नाही. पण घर कसं बांधलं आणि त्या रात्री माणसं कुठे झोपली, यात त्याचा हात होता.

हे झालं हवेचं. आता पाण्याकडे वळू, आणि इथे मला काकूंना थोडं झुकतं माप द्यावं लागणार आहे.

कोयना धरणाचं पाणी १९६२ च्या सुमाराला साठू लागलं आणि थोड्याच दिवसांत आसपासच्या लोकांना जमिनीतून गुडगुड ऐकू यायला लागली, छोटे धक्के जाणवायला लागले. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेच्या मंडळींनी तिथे यंत्रं बसवून नोंदी घेतल्या. म्हणजे या गोष्टीची पहिली कागदपत्रं आपल्या पुण्यातलीच. आणि मग ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. तीव्रता ६.३. कोयनानगरात घरं कोसळली, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, धरणाच्या वरच्या भागाला तडे गेले. पुण्यातही लोक कडाक्याच्या थंडीत घराबाहेर आले. आमची आजी सांगायची, आधी खिडकीची तावदानं खडखडली, तिला वाटलं मांजर, आणि 'हाड्' म्हणेपर्यंत पलंगच डोलायला लागला.

आजीचं मांजर आणि पलंग यांच्यामध्ये भूकंपशास्त्राचा एक धडा आहे. भूकंपाच्या लाटा दोन जातींच्या. पहिली वेगवान, सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावणारी, खडकाला पुढे-मागे दाबत जाणारी. दुसरी मागून येणारी, साडेतीन किलोमीटरच्या वेगाची, आडवं हलवणारी आणि जास्त दांडगी. कोयनानगर पुण्याहून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर. गणित करा, दोघींत पंधरा सेकंदांचं अंतर पडतं. वीज चमकल्यावर गडगडाट होईपर्यंत आपण आकडे मोजतो, तसंच हे.

तर प्रश्न असा, की धरणाच्या पाण्यानं भूकंप कसा होईल? कोयनेत आज १०५ टीएमसी पाणी मावतं. आपल्या खडकवासला साखळीतली चारही धरणं मिळून साधारण २९ टीएमसी, त्यावरून अंदाज घ्या. वजनात ते जवळजवळ तीनशे कोटी टन. ऐकायला प्रचंड, पण पुन्हा नखाचा हिशेब लावा. शंभर मीटर खोल पाण्याचा भार नखावर होतो फक्त दहा किलो. खालच्या सत्तावीसशे किलोंपुढे तो काय करणार?

नुसतं वजन फारसं करत नाही. करतं ते झिरपणं. गरम पाण्यानं विसळलेला स्टीलचा पेला ओल्या ओट्यावर उपडा ठेवा. कधीकधी तो आपोआप सरकतो, भूत लागल्यासारखा. आत कोंडलेली हवा तापून फुगते आणि पेल्याला किंचित उचलून धरते. पेल्याचं वजन कमी झालेलं नसतं, ओट्यावर टेकणं कमी झालेलं असतं. खडकातल्या भेगांत पाणी असतंच. वर धरण भरलं की त्या पाण्यावरचा दाब भेगाभेगांतून हळूहळू खाली पोचतो, भ्रंशाच्या दोन्ही बाजूंना किंचित एकमेकींपासून रेटतो आणि त्यांची पकड सैल करतो. आमच्या फुगलेल्या दाराच्या चौकटीत कुणी तेल सोडावं तसं. दाब खाली पोचायला दिवस लागतात, महिने लागतात, कधी वर्षंही. म्हणून आज पाऊस आणि उद्या भूकंप असं होत नाही. कोयनेत पावसाळ्यात पाणी चढल्यानंतर धक्क्यांची संख्या वाढते आणि हे साठ वर्षांहून अधिक काळ चाललं आहे. पाचाहून जास्त तीव्रतेचे वीसवर भूकंप तिथे झाले आहेत. १९८५ मध्ये शेजारच्या वारणेत पाणी साठू लागलं, त्यानंतर धक्क्यांचा पसारा दक्षिणेकडेही वाढला.

मात्र धरणानं ताण निर्माण केला नाही. ताण आधीपासूनच होता, भूपट्टाच्या रेट्याचा. भ्रंश काठावर येऊन उभा होता, पाण्यानं फक्त हात लावला. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: निमित्त. कारण वेगळं आणि निमित्त वेगळं. काठावर उभा असलेला भ्रंशच नसेल, तर धरण कितीही भरा, काही होत नाही. पानशेत, वरसगाव, उजनी इतकी वर्षं भरताहेत आणि रिकामी होताहेत. त्यांनी कोयनेसारखा उपद्व्याप केलेला नाही. जगभरात हजारो धरणं आहेत, पण धरणामुळे सहाच्या वर तीव्रतेचा भूकंप झाल्याची उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी: चीनमधलं शिनफेंगजियांग, आफ्रिकेतलं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्टा आणि या सगळ्यांत मोठा भूकंप आपल्या कोयनेचा. म्हणून तर कराडला भूकंपाच्या अभ्यासासाठी खास प्रयोगशाळा उभी राहिली आणि गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर खणलं गेलं. वेताळ टेकडीवर दिसतो तोच काळा पाषाण तिथे सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला आणि खाली लागला त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट. कोयनेचे धक्के येतात ते त्या ग्रॅनाइटमधून.

धरण जे करतं ते नुसता पाऊस करू शकतो का? क्वचित, आणि लहान प्रमाणात. जर्मनीतल्या होखश्टाउफेन डोंगराखाली २००२ मध्ये जोरदार पावसानंतर छोट्या धक्क्यांची रांग लागली होती. ते धक्के उथळ होते आणि डोंगर भेगाळ चुनखडीचा. नेपाळच्या हिमालयात लहान भूकंप उन्हाळ्या-पावसाळ्यापेक्षा हिवाळ्यात जास्त होतात, असंही आढळलं आहे. पावसाळ्यात गंगेच्या मैदानात साठणाऱ्या पाण्याच्या भाराशी त्याचा संबंध जोडतात. पण तिथलेही मोठे भूकंप, वर पाहिलं तसं, महिना बघून येत नाहीत. आणि माळीण किंवा इर्शाळवाडीसारखी घटना भूकंपाच्या खात्यात टाकू नये. तिथे पावसानं डोंगराचा उतार सुटला. ती दरड, तिचं शास्त्र वेगळं आणि तिच्याबाबत पावसाकडे बघणं अगदी योग्य.

हे सगळं मी काकूंना सांगितलं, जिन्यातच, दोन हप्त्यांत. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे कधी होणार ते कळतच नाही?" नाही कळत. दिवस, वेळ, गाव सांगून भूकंपाचं भाकीत करणं आज जगात कुणालाही जमत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'नासानं सांगितलंय, आज रात्री बारानंतर' म्हणून फिरतं त्याला तर काडीचाही आधार नाही. जपानमध्ये लोकांना आधी इशारा मिळतो तो भाकिताचा नव्हे. भूकंप होऊन गेलेला असतो, पहिली लाट यंत्रानं पकडलेली असते आणि दुसरी पोचेपर्यंतचे काही सेकंद हाती असतात. आजीच्या मांजराएवढे.

पुण्यापुरतं बोलायचं तर २००२ च्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात आपण तिसऱ्या विभागात येतो, म्हणजे मध्यम धोक्याच्या, आणि कोयना चौथ्यात. किल्लारीचा परिसर १९९३ पूर्वी सगळ्यात कमी धोक्याच्या विभागात होता, एवढं लक्षात ठेवलेलं बरं. मध्यम धोका म्हणजे इमारत त्या हिशेबानं बांधलेली हवी. भूजच्या भूकंपात अहमदाबादेत ज्या इमारती बसल्या, त्यांतल्या बऱ्याच खाली नुसत्या खांबांवरचं मोकळं पार्किंग असलेल्या होत्या. वर भिंतींनी घट्ट बांधलेले मजले आणि खाली काड्यांसारखे खांब. हलताना सगळा जोर त्या खांबांवर. आमची इमारतही तशीच, तुमचीही असेल. खांबांत पुरेशी सळई आणि त्यांना जोड देणाऱ्या काँक्रीटच्या भिंती असल्या की हे दुखणं आवरतं, पण ते बांधतानाच बघावं लागतं.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका सभासदानं सुचवलं, की पार्किंगमधला कोपऱ्यातला खांब एका बाजूनं चार इंच तासला तर त्यांची मोठी गाडी नीट वळेल. खर्च ते स्वतः करणार होते. दहा मिनिटं चर्चा झाली, चहा आला. मग काकूंनी विचारलं, "आणि त्या खांबावर कुणाचं घर आहे?" त्यावर आहेत सहा घरं, त्यातलं एक त्या सभासदांचंच. ठराव मागे घेतला गेला. गाडी आता रस्त्यावर उभी असते, उन्हात.